ग्राफच्या कोपऱ्यातल्या दोन ओळी

यंदा होळी होऊन आठवडा झाला नाही तोच सोलापूरचं ऊन रस्त्यावर उतरलं. परवा भवानी पेठेत कैऱ्या घेताना फोन वाजला. खिशातून काढला तर पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना. माझंच घामेजलेलं तोंड आणि मागे आभाळ. दीड कोटीहून जास्त रंग दाखवणारा फोन, आणि कोण फोन करतंय एवढंही त्याला उन्हात सांगता येईना. सावलीसाठी मी शेजारच्या अंबादासच्या यंत्रमाग कारखान्यात शिरलो. दारातच, जिथे उन्हाची तिरीप थेट पडते तिथे, मागाला लावलेला तळहाताएवढा पडदा होता. करडी पाटी, तिच्यावर काळे ठिपके. त्या ठिपक्यांचा मोर भर उन्हात इतका स्वच्छ दिसत होता, की मी कैऱ्यांची पिशवी खाली ठेवून बघत उभा राहिलो.

त्या पडद्यामागे माझा हात आहे. लोक म्हणतात, माझंच डोकं आहे. हात होता हे खरं. डोकं कोणाचं होतं, हे मी चार उन्हाळे कोणाला सांगितलेलं नाही. आता बहात्तरावं चालू आहे. सांगून टाकतो.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो. रोज साठ मुलांना बरोबर काय आणि चूक काय ते सांगायची सवय लागली, की माणूस आपणही चुकतो हे हळूहळू विसरतो. अंबादास माझा जुना विद्यार्थी. त्यानं एका मागावर नवं, विजेवर चालणारं जेकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, बसवलं आणि मला बोलावलं.

तो उन्हाळा मला आधी वासानं आठवतो. पत्र्याखाली तापलेलं तेल, सुताची धूळ, ओलं पोतं. नळाला पाणी पाच दिवसांनी यायचं, तरी अंबादास दोन बादल्या बाजूला ठेवून पत्र्यावर पोती भिजवून टाकायचा. अर्ध्या तासात ती पापडासारखी वाळायची. दुपारी तीनच्या सुमाराला पारा चव्वेचाळीसवर गेला, की आमचा पडदा काळाठिक्कर पडायचा. त्याच्या काचेतलं द्रव्य इतक्या उन्हाचं नव्हतंच.

"बेशुद्ध पडला ओ सर तुमचा पडदा," अंबादास म्हणायचा. "कांदा हुंगवू का?"

पाच वाजले की पडदा आपोआप शुद्धीवर यायचा. पुढे मी त्याच्यावर लाकडी छपरी बसवली.

पडदा कशासाठी हवा होता, ते सांगायला हवं. जुन्या जेकार्डात नक्षी जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडून ठेवलेली असते. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. चादरीवरचं फूल, मोर, सगळं या वर-खाली राहण्यातून उमटतं. नव्या जेकार्डात पत्ते गेले आणि धाग्यांना हुकूम द्यायला एक छोटा संगणक आला. मधेच सूत तुटलं, तर नक्षी कोणत्या ओळीवर थांबली हे विणकराला कळायला हवं. म्हणून पडदा. रंगीत पडदा त्या दारातल्या उन्हात आंधळा झाला. मग मी काळा-पांढरा आणला.

त्या संगणकात एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम होती, जगभरातली माणसं मिळून लिहितात अशी. पडद्याशी तिचं बोलणं करून देणारा जो दुभाषा, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आणि पडद्यावरचा एकेक ठिपका स्मरणात कसा लिहायचा, याचे ठरलेले करार असतात, त्यांना म्हणतात पिक्सेल फॉरमॅट. रंगीत ठिपक्याला बत्तीस बिट लागतात. बिट म्हणजे एक हो किंवा एक नाही. माझ्या पडद्याच्या ठिपक्याला एकच बिट पुरेसा होता. पण ज्या ड्रायव्हरांशी माझी गाठ होती, त्यांच्यात एका बिटाचा करारच नव्हता. बिचारी सिस्टिम आधी अख्खा मोर बत्तीस बिटांत रंगवायची आणि मग ठिपक्या-ठिपक्याला निरखून त्यातले एकतीस फेकून द्यायची. एक कडक भाकरी आणायला ट्रक पाठवावा, तसं. मोर पडद्यावर वरून खाली रांगत यायचा, तोवर माग कितीतरी ओळी पुढे गेलेला असायचा.

एका बिटाचा करार आपणच लिहायचा, असं मी ठरवलं. निवृत्त मास्तरला असं काही ठरवायला उन्हाळ्याच्या दुपारीच सुचतं.

त्या सिस्टिममध्ये बदल सुचवायची रीत मला फार आवडली. अजूनही आवडते. आपला बदल सगळ्यांना दिसेल असा मेलनं पाठवायचा. मग कुठली कुठली, कधी न पाहिलेली माणसं तो ओळ न् ओळ वाचतात. एकानं माझी एक रिकामी जागा जास्त पडली म्हणून सगळा मजकूर परत पाठवला होता. मला राग आला आणि लगेच लाजही वाटली. मी तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या, पण इतकं लक्ष देऊन एकही वाचली नव्हती.

पहिल्यांदा मी आठ ठिपके एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांच्या गठ्ठ्यात, बसवले आणि चालू केलं, तेव्हा मोर क्षणात आला. पण चिरलेला आला. मान तुटक, चोच भलतीकडे, पिसाऱ्याच्या उभ्या फोडी. दहा दिवस मी झगडलो. पडद्याच्या तारा बदलल्या, वीजपुरवठा बदलला, दोनदा पडदाच बदलला.

"सर, ह्यो मोर हाय की भेंडी चिरलीय?" अंबादास विचारायचा आणि कामगार हसायचे.

अकराव्या दिवशी नरसूबाई आल्या.

नरसूबाई अंबादासला ग्राफ करून द्यायच्या. तेलुगू विणकर घरातल्या, तेव्हा साठीच्या पुढे. चौकटीच्या मोठ्या कागदावर एकेक घर लाल रंगानं भरून नक्षी काढायची, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. कागदावर दर आठ घरांनंतर एक ठळक रेघ असते, कारण पत्त्यावर भोकं आठाच्या रांगेत पडतात. मी त्यांच्या घरी नंतर बऱ्याचदा गेलो. खिडकीखाली पाट, पाटावर कागद, हातात चार केसांचा कुंचला. तोंडानं तेलुगूत मोजणं चाललेलं असायचं, ओकटि, रेंडु, मूडु, आणि आठावर, एनिमिदिवर, की पुन्हा ओकटि. त्या तालात हात चालायचा. एका चादरीच्या किनारीला हजारो घरं. एक चुकलं तर चादरीत दर हातभर अंतरावर तीच चूक उमटणार. त्यांच्या ग्राफमध्ये चूक निघाल्याचं अंबादासनं सांगितलेलं मला आठवत नाही.

त्या दिवशी त्या नवा ग्राफ द्यायला आल्या होत्या. गुंडाळी काखेत, कपाळावर पदर ओढलेला. जाता जाता पडद्यापाशी थांबल्या.

"पंचिंगला नवा मानूस घेतला व्हय?" त्यांनी अंबादासला विचारलं.

"पंचिंग कुटं हाय ह्यात अम्मा? हे कॉम्पुटर हाय. सरांचं."

"मग सरांनी आट-आट घरं उलटी वाचली की." त्यांनी बोट काचेजवळ नेलं, पण काचेला लावलं नाही. "हे बघा. ही मान. ह्या आटाचं तोंड तिकडं, ह्या आटाचं बी तिकडं. नवा मानूस पत्ता उलट्या हातानं धरतोय न्हवं, तवा असंच हुतंय. पयल्या आटवड्यात सगळ्यांचंच हुतंय. लाजायचं न्हाय त्यात."

पत्त्यांना भोकं पाडायच्या यंत्राला खुंट्या असतात. ग्राफमधली आठ घरं वाचायची आणि त्याप्रमाणे खुंट्या दाबायच्या. नवा माणूस घरं डावीकडून वाचतो आणि खुंट्या उजवीकडून दाबतो. नक्षीचे आठ-आठ घरांचे तुकडे जागच्या जागी उलटे होतात. माझंही तेच झालं होतं. बाइटमधला पहिला ठिपका मी मोठ्या टोकाला धरत होतो, पडदा तो लहान टोकाला धरत होता. मी एक ओळ बदलली. मोराची मान सरळ झाली. कामगारांनी टाळ्या वाजवल्या आणि मी ओशाळून त्यांच्याबरोबर हसलो.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी नरसूबाईंचा ऋणी असतो. पण खरी गोष्ट पुढेच झाली.

मी बदल पाठवला. तिसऱ्या दिवशी दूरदेशीच्या एका गृहस्थाचा साधा प्रश्न आला. तुमच्या करारात एक म्हणजे उजेड, की एक म्हणजे अंधार? मी चिडलो. हा काय प्रश्न झाला? एक म्हणजे काळा ठिपका, दिसतंय की. पण त्याच्याकडचे पडदे स्वतः उजळणारे होते. तिथे एक म्हणजे पेटलेला ठिपका. माझा करार त्याच्या पडद्याला लावला, की मोराचं भूत दिसायचं, निगेटिव्हसारखं. मी सुचवलं, ड्रायव्हरनंच गरज पडेल तसं उलटून घ्यावं. त्यानं सभ्यपणे नाही म्हटलं. आठवडाभर आमचं हेच चाललं.

नरसूबाईंच्या ओट्यावर बसून मी हे गाऱ्हाणं सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या.

"कोपऱ्यात लिवलं न्हाय का?" त्या म्हणाल्या.

"कुठल्या कोपऱ्यात?"

त्या उठल्या, आतून एक जुना ग्राफ आणला, उलगडला. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात लाल रंगात दोन छोट्या ओळी होत्या. पहिली, 'भरलं ते वर'. दुसरी, 'डावीकडून', आणि पुढे एक बाण.

"भरलेल्या घराला काय ठाऊक ओ ते काळं हाय का पांढरं? त्ये तर नुसतं भरलंय. एकाकडं चादर सुलटी इणत्यात, एकाकडं पालथी. ह्याच्याकडं भरलं ते वर, त्याच्याकडं भरलं ते खाली. मी कुनाला चूक म्हनू? दोगं बी बरोबर. म्हनून कोपऱ्यात लिवायचं. दोन तऱ्हेचं काम असलं तर दोन ग्राफ, दोगांला येगळं नाव. एकच ग्राफ दोगांला दिला आन् 'तुमी बघून घ्या' म्हटलं, की भांडणं."

मी शेंग तोंडात घालायची विसरलो. माझ्या आठवड्याभराच्या वादाचं उत्तर त्या कोपऱ्यात होतं. दोन करार, दोन नावं. एक, उजळ भरण्याचा. दुसरा, काळं भरण्याचा. आणि प्रत्येकात स्पष्ट लिहिलेलं, पहिला ठिपका कोणत्या टोकाला. उलटापालट कोणी करायची हा प्रश्नच उरत नव्हता. पडदा ज्या जातीचा, त्यानं त्या जातीचं नाव सांगायचं.

अजूनही मला याचं नवल वाटतं. ज्या बाईनं संगणकाच्या कळीला कधी बोट लावलं नव्हतं, तिनं एका बिटाबद्दल जे म्हणण्यासारखं होतं ते सगळं दोन ओळींत म्हणून ठेवलं होतं. एक किंवा शून्य याला स्वतःचा रंग नसतो. तो कोणीतरी द्यावा लागतो, आणि कोणता दिला हे लिहून ठेवावं लागतं. मी तीस वर्षं मुलांना शून्य आणि एक शिकवलं. हे एकदाही सांगितलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं.

मी त्यांचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं इंग्रजीत लिहून पाठवलं. त्या गृहस्थाचं उत्तर आलं, अशी स्वच्छ मांडणी बऱ्याच दिवसांनी वाचली. आणखी दोघांनी तेच म्हटलं. बदल स्वीकारला गेला.

बदलाच्या मजकुराखाली श्रेयाच्या ओळी लिहायची तिथे पद्धत आहे. लिहिलं कोणी, तपासलं कोणी, चूक दाखवली कोणी, सुचवलं कोणी. कोणी एक शब्द दुरुस्त केला तरी लोक त्याचं नाव टाकतात. सुधारलेला बदल पाठवण्याआधी, त्याच ओट्यावर, मी नरसूबाईंना हे कौतुकानं सांगितलं होतं. माझीच चूक. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि विचारलं,

"सर, माजं बी नाव येतंय का तितं?"

"तिथे?"

"न्हाय, सहज इचारलं. चाळीस वरसं झाली. माज्या हातचे मोर कुटं कुटं गेले. चादरीवर कारखान्याचं लेबल असतंय. ग्राफ काढनारीचं नाव कुटंच नसतंय. पोरगी माजी दुधनीला दिलीय, तिच्या सासरी माजीच चादर हाय. ती म्हनती, माज्या आईनं काढलीय, तर सासू हसती. तुमच्या त्या कॉम्पुटरात नाव आलं तर दाखवंल की ती."

मी म्हणालो, "तिथे फक्त प्रोग्रामर लोकांचीच नावं घेतात, नरसूबाई."

हे खोटं होतं. मी स्वतःशी त्याला एक कारणही जोडून दिलं. श्रेयाच्या ओळीत नावापुढे मेलचा पत्ता लिहितात, आणि नरसूबाईंना कुठला मेलचा पत्ता? नंतर मी जुने बदल चाळले, तेव्हा पत्त्याशिवायची नावं सहज सापडली. खरं कारण साधं होतं. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा जगात कोणी मला हुशार म्हणणार होतं आणि मला ते वाटून घ्यायचं नव्हतं.

"बरं, बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या.

मे महिन्याच्या शेवटी एका अभियांत्रिकी महाविद्यालयानं मला बोलावलं, शाल दिली. नरसूबाईंना निमंत्रण मीच दिलं होतं. का दिलं, ते आज मला कळत नाही. त्या चांगलं इरकल नेसून शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. पंखे गरम वारा फेकत होते. मी बोलत गेलो. 'एके दुपारी माझ्या लक्षात आलं, की भरलेल्या घराला स्वतःचा रंग नसतो,' असं म्हणालो. त्यांचाच शब्द वापरला, घर. त्या भाषणात मी ठिपका एकदाही म्हणालो नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेतही टाळ्या वाजल्या.

बाहेर लिंबाच्या सावलीत त्या भेटल्या. "छान बोललात सर," म्हणाल्या. "कोपऱ्याचं बी सांगितलंत." त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच वाचता आलं नाही. मी त्यांना रिक्षा बघून दिली.

घरी सौभाग्यवतींनी शालीची घडी करता करता विचारलं, "कोपऱ्यात लिहून ठेवायचं तुम्हाला कुठून सुचलं? तुम्ही तर गोळ्यांच्या डबीवर सकाळ-संध्याकाळसुद्धा लिहीत नाही." मी म्हणालो, सुचलं असंच. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

मग उन्हाळे येत-जात राहिले. अंबादासकडचे ग्राफ संगणकावर होऊ लागले, नरसूबाईंचं येणं थांबलं. दर चैत्रात पत्रे तडतडू लागले, की मला ते शेंगांचं टरफल मोडल्याचा आवाज ऐकू यायचा. त्या गल्लीतून जाणं मी टाळू लागलो. भवानी पेठेत एखादी गल्ली टाळायची तर केवढा वळसा पडतो, ते तिथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

परवा अंबादासच्या दारात तो मोर बघितला आणि कैऱ्या तशाच घेऊन त्या गल्लीत गेलो. नरसूबाई खिडकीखालीच बसल्या होत्या. हात आता थरथरतो, कुंचला बंद. मला बघून म्हणाल्या, "या की. वाट इसरली हुती व्हय?"

मी बसलो आणि सगळं सांगितलं. तिथे नाव येतं, तेव्हाही येत होतं, मी खोटं बोललो. बोलताना मी कैऱ्यांकडेच बघत होतो.

त्या म्हणाल्या, "चार उन्हाळे लागले सर. एका नावाला?"

"हो."

"मी तर एवड्या टायमात एक अख्खी चादर भरली असती, चादरीतल्या कुत्र्या-मांजरासकट."

मी त्यांना सांगितलं, की जुना बदल आता कोणालाच बदलता येत नाही. एकदा नोंद झाली की पुढची प्रत्येक नोंद तिच्यावर उभी राहते. तिथे सुचवणाऱ्याच्या जागी रिकामंच राहणार. पण त्या दोन करारांची माहिती जिथे लिहिली आहे, तिथे मी नवी दुरुस्ती पाठवू शकतो. ही मांडणी कोणाची आहे ते त्यात लिहीन, आणि खाली सुचवणाऱ्याच्या ओळीत नाव. "नरसूबाई असं लिहितो," मी म्हणालो आणि फोन काढला.

"नरसूबाई कोन?"

मी वर बघितलं.

"त्ये शाळेतल्या मास्तरनं लिवलं दाखल्यावर. त्याच्या तोंडाला जमंना म्हनून. माजं नाव नरसम्मा."

इतकी वर्षं मी ज्या नावानं हाक मारत होतो, तेही कोण्या मास्तरनंच दिलेलं निघालं. मी नरसम्मा लिहिलं. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी फोन हातात घेऊन त्यांनी सावलीला धरला आणि ती अक्षरं बराच वेळ पाहिली.

दुरुस्ती पाठवली. पाच दिवसांनी ती स्वीकारल्याचं उत्तर आलं, तसा पुन्हा गेलो. नोंद दाखवली.

"आता हे कुनी पुसनार न्हाय न्हवं?"

"नाही. कोणालाच पुसता येत नाही."

"मग पोरीला फोन लावा माज्या. दुधनीला. तिला सांगा तुमी, मी सांगितलं तर सासू हसंल."

मी नंबर लावला. पलीकडून मुलीचा आवाज आला, मागे कोणीतरी कानडीत बोलत होतं. मी माझं नाव सांगितलं, पडदा सांगितला, मोर सांगितला. दोन ओळी कोणाच्या होत्या ते सांगितलं. आईचं नाव कुठे आहे आणि ते कसं उघडून बघायचं, तेही सांगितलं. मुलगी म्हणाली, "थांबा सर, स्पीकरवर टाकते. आत्तीला, माज्या सासूला बी ऐकू दे."

मी थांबलो. आवाज झाला, आता पलीकडे बरेच जण ऐकत होते. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात खिडकीखालून नरसम्मा हळूच म्हणाल्या,

"कॉलेजातलं बी सांगा की सर."

मी तेही सांगितलं.